लांडोर बसली आहे

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की आमच्या परिक्षेत्रात मोरांबद्दल दोन तऱ्हेचे फोन सुरू होतात. एक, "मॅडम, मोरांनी पेर उकरून खाल्ली, काहीतरी बंदोबस्त करा." दुसरा, "रानात मोराची अंडी सापडलीत, येऊन घेऊन जा." पहिल्या फोनला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नसतं. मूग, बाजरी, भुईमूग यांचं पेरलेलं बी आणि कोवळा कोंब मोरांना आवडतो. एका सकाळी ते चार तासं साफ करतात आणि शेतकऱ्याचं नुकसान खरं असतं. दुसऱ्या फोनला मात्र उत्तर आहे, आणि ते मी गाडीला किक मारायच्या आधीच देते : हात लावू नका, तिथून बाजूला व्हा, कुत्रं बांधून ठेवा, मी येते.

मी वनरक्षक. माझं बीट घोड नदीच्या खोऱ्यात, शिरूरच्या बाजूला. कालव्याचं पाणी पोचलं तिथं ऊस आणि कांदा, नाही पोचलं तिथं बाजरी, मूग, मटकी, आणि मधल्या माळांवर वनखात्याचे गट. या भागात आमच्या खात्याचं नाव निघतं ते बिबट्यामुळे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबटे उसात राहतात आणि उसातच वितात. ऊसतोडीत बछडी सापडली की ती संध्याकाळी त्याच जागी ठेवायची, माणसं हटवायची आणि आई येऊन घेऊन जाईपर्यंत लांबून नजर ठेवायची, ही पद्धत आता गावोगाव माहीत झाली आहे. आई परत येते यावर लोकांचा विश्वास बसला आहे. लांडोरीबद्दल तोच विश्वास बसवताना मला जास्त बोलावं लागतं, कारण लांडोर कोणी नीट पाहिलेलीच नसते.

मोर सगळ्यांनी पाहिलेला असतो. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे, त्याच्या कितीतरी आधीपासून पैठणीच्या पदरावर आहे. आमच्याच तालुक्यातल्या मोराची चिंचोली या गावी चिंचेच्या झाडांतून फिरणारे मोर बघायला पुण्याहून माणसं येतात. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ मध्ये खास मोरांसाठी अभयारण्य झालं. पण मोराचं सगळं कौतुक ज्या पिसाऱ्यापाशी थांबतं, तिथून पुढचं काम मोर करत नाही. वैशाखापासून तो आपली ठरलेली जागा धरतो, केकारव करतो, पिसारा फुलवतो. लांडोरी येतात, निरखतात, एखाद्याला पसंत करतात, आणि निघून जातात. त्यानंतर त्या मोराचा अंड्यांशी किंवा पिल्लांशी काही संबंध राहत नाही. जागा शोधणं, अंडी घालणं, उबवणं, पिल्लं हिंडवणं आणि झाडावर झोपवणं हे सगळं लांडोर एकटी करते.

वनसप्ताहात शाळेत गेलं की एक प्रश्न हमखास येतो : मोराचे अश्रू पिऊन लांडोर अंडी देते ना? मुलं घरी ऐकलेलं विचारतात. ही समजूत खेड्यापुरती नाही. २०१७ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी पत्रकारांशी बोलताना तेच सांगितलं होतं आणि देशभर त्याची चर्चा झाली. मी मुलांना सरळ सांगते की मोर-लांडोरीचं मीलन इतर पक्ष्यांसारखंच होतं, ते काही क्षणांत उरकतं म्हणून माणसाच्या नजरेला पडत नाही, मी पाहिलेलं आहे. मग मी त्यांना अंड्यांबद्दल विचारते. अंडी किती, कुठं, किती दिवस? तिथं वर्ग गप्प होतो. शिक्षकही बहुतेक वेळा गप्प असतात.

घरटं म्हणावं असं काही लांडोर बांधत नाही. जमिनीत उथळसा खळगा, त्यात चार वाळकी पानं, काड्या, एखादं स्वतःचं गळलेलं पीस. आमच्याकडे हा खळगा घाणेरीच्या जाळीत असतो, घायपाताच्या रांगेच्या आतल्या अंगाला असतो, बोरीच्या काटेरी झुडपाखाली असतो, आणि बांधावर गवत माजलेलं असेल तर त्या गवतात असतो. क्वचित पडक्या वाड्याच्या भिंतीवर किंवा गंजीवरही लांडोर बसलेली सापडते, पण तिची खरी ओढ जमिनीवरच्या गचपणाकडे असते. अंडी फिक्या सायीच्या रंगाची, कधी किंचित तपकिरी झाक असलेली, टणक कवचाची आणि चकचकीत. कोंबडीच्या अंड्याच्या शेजारी ठेवलं तर दुपटीहून मोठं.

एका वेळची अंडी बहुधा चार ते सहा असतात, कधी जास्त. ती रोज घातली जात नाहीत. एक दिवस आड, आणि बहुतेक वेळा दिवस कलल्यावर लांडोर येते, अंडं घालते आणि जाते. पाच अंडी पुरी व्हायला नऊ-दहा दिवस लागतात. या दिवसांत ती अंड्यांवर बसत नाही. दिवसभर लांब कुठं तरी चरते, रात्री झाडावर झोपते. रानात गवत कापायला आलेल्या माणसाला या दिवसांत घरटं दिसलं तर त्याला दिसतं काय? उघड्यावर पडलेली तीन थंडगार अंडी, आणि आसपास पक्ष्याचा पत्ता नाही. तो म्हणतो, टाकून गेली. आणि चांगल्या मनानं उचलून घरी आणतो.

मला येणाऱ्या फोनांत हा प्रकार सगळ्यांत जास्त आहे, आणि सगळ्यांत जास्त वाईटही याचंच वाटतं, कारण यात कोणाचा वाईट हेतू नसतो. थंड अंडं मेलेलं नसतं. आतला जीव ऊब मिळेपर्यंत थांबून राहतो. लांडोर शेवटचं अंडं घालून झाल्यावरच पक्की बसते, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या अंड्यातल्या जिवांची वाढ बरोबर सुरू होते आणि पिल्लं जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. तिला हे करावंच लागतं. पोपटाचं किंवा कावळ्याचं पिल्लू उघडं, आंधळं जन्मतं आणि कित्येक दिवस घरट्यात राहतं. मोराचं पिल्लू अंगभर लव घेऊन, डोळे उघडे ठेवून बाहेर येतं आणि अंग वाळलं की चालायला लागतं. पहिलं अंडं आठ दिवस आधी फुटलं असतं तर आई चालत्या पिल्लामागे जाणार की उरलेल्या अंड्यांवर बसणार?

एकदा पक्की बसली की पुढचे अठ्ठावीस ते तीस दिवस तिचे. या दिवसांत ती सापडणं अवघड. नराचा पिसारा तिला नाही. तपकिरी पाठ, पांढुरकं पोट, मानेवर थोडी हिरवी चमक, ती मानही आत ओढून घेतलेली. बांधाच्या कडेला पडलेली वाळकी गोवरी वाटावी अशी ती दिसते आणि माणूस दोन हातांवर येईपर्यंत हलत नाही. मोरासारखा सावध पक्षी, जो माणसाची चाहूल लागताच अर्धा फर्लांग पळतो, तोच अंड्यांवर असताना पायाखाली येईपर्यंत थांबतो. याला लोक कधी आजारीपण समजतात. "मॅडम, लांडोर उडत नाहीये, मार लागलाय वाटतं," असे फोनही मी घेतले आहेत.

बाजरीच्या खुरपणीच्या वेळची गोष्ट. बायका तास धरून खुरपत पुढं चालल्या होत्या आणि बांधापासून चार हातांवर, विळ्याच्या अगदी पुढ्यात लांडोर दिसली. तिनं पिसं फुगवली, फुस्सकन आवाज केला, पण उठली नाही. जवळची मुलगी ओरडून मागं सरली. बायांमध्ये सगळ्यांत वडीलधाऱ्या आक्का होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "खुडूक बसलीय ती. मागं फिरा सगळ्या. तेवढा तुकडा तण राहिला तर काय बाजरी बुडत नाही." मी पोचले तेव्हा मला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आक्कांनी चारी बाजूंनी तण तसंच सोडलं होतं, जेवणाची पाटी दुसऱ्या बांधाला हलवली होती आणि घरचं कुत्रं पोराबरोबर वस्तीवर पाठवलं होतं. मी कायद्याचं बोलायला लागले तर त्या म्हणाल्या, "पोरी, कायदा राहू दे. खुडूक कोंबडी उठवली तर अंडी गार पडतात, एवढं आम्हाला कळतं."

मला त्या दिवसापासून आक्कांचा शब्द फार उपयोगी पडला. लांडोर खुडूक बसली आहे म्हटलं की गावातल्या कुठल्याही बाईला वेगळं समजवावं लागत नाही. खुडूक कोंबडी सगळ्यांनी घरात वागवलेली असते. अंडी द्यायची थांबते, पाटीत जाऊन बसते, हात घातला की फुगते आणि टोचते, दाणा टाकला तरी उठत नाही, अंडी काढून घेतली तरी रिकाम्या पाटीत बसून राहते. माझ्या आईकडे गावरान कोंबड्या असत. अंडी हवी असतील तेव्हा कोंबडीची खुडूक मोडायला तिला पाण्यात बुडवून काढायचे, नाकपुडीत पीस अडकवायचे. अंगाची ऊब उतरवायची आणि तिला अस्वस्थ करायचं, हा त्यातला हेतू. शहरांना अंडी पुरवणाऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांची खुडूक माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जवळजवळ पुसून टाकली आहे. त्या अंडी देत राहतात आणि उबवायचं काम यंत्र करतं.

खुडूक बसणं हा हट्ट नव्हे, ती शरीरात घडणारी उलथापालथ आहे. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, नवीन अंडी तयार होणं थांबतं, भूक कमी होते. पोटाखालची पिसं गळून तिथली कातडी उघडी पडते आणि तिच्यात रक्ताचा पुरवठा वाढतो, म्हणजे अंगाची ऊब पिसांच्या आडून न जाता थेट अंड्याला मिळते. अंड्यांचा तो स्पर्शच पुन्हा संप्रेरक टिकवून धरतो. लांडोरीतही हेच घडतं. फरक इतकाच की कोंबडीला पाटी, दार आणि धनीण आहे. लांडोर हे सगळं उघड्या रानात, कोल्हा, मुंगूस, घोरपड, रानमांजर आणि भटक्या कुत्र्यांच्या मधे बसून करते.

आक्कांच्या रानातल्या त्या लांडोरीवर मी समोरच्या बंधाऱ्याच्या भरावावरून दुर्बिणीनं लक्ष ठेवलं. जवळ जायचं नाही हा माझा नियम आहे. माणसाच्या पायवाटेनं कुत्रं येतं, आणि माणूस वारंवार एका जागी वाकतो हे कावळा झाडावरून बघत असतो. लांबून जे दिसलं ते असं. ती दिवसातून एकदा उठायची, बहुधा ऊन चढायच्या आधी. आधी मान वर करून बराच वेळ चहूकडे पाहायची. मग घरट्यावरून थेट उडायची नाही. गवतातून वाकून दूरवर चालत जायची आणि तिथून उघड्यावर यायची. लगोलग विष्ठा टाकायची, कारण घरटं आणि त्याच्या आसपासची जागा ती घाण करत नाही. पाणी पिऊन, घाईघाईनं चरून, एखाद वेळा मातीत अंग घासून ती परतायची, तीही वाकडीतिकडी वाट धरून. अंडी उघडी राहायची ती तेवढाच वेळ. बसताना चोच अंड्यांखाली घालून ती त्यांना फिरवायची. हे फिरवणं दिवसातून बऱ्याचदा चालतं. नाही फिरवलं तर वाढता गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो आणि मरतो.

आषाढातली झड लागली तेव्हा ती उठलीच नाही. पाणी पाठीवरून ओघळत होतं, पंख थोडे पसरून तिनं खळग्याच्या कडा झाकल्या होत्या. मी रेनकोटात उभी होते आणि मला ती थंडी सोसेना. मोर पावसाचा पक्षी हे आपण लहानपणापासून म्हणतो, पण पाऊस अंगावर घेण्याचं काम त्यातली मादी करते हे मी त्या झडीत पाहिलं.

मोराच्या पिसाऱ्यावर जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे. डार्विनलाही त्या पिसाऱ्यानं बुचकळ्यात पाडलं होतं. इंग्लंडमध्ये व्हिप्सनेडच्या प्राणी उद्यानात मोकळ्या फिरणाऱ्या मोरांवर मेरियन पेट्री यांनी १९९० च्या आसपास जे काम केलं, त्यात पिसाऱ्यावर जास्त डोळे असलेल्या नरांना लांडोरी अधिक पसंत करतात असं दिसलं. त्यांच्याच १९९३ मधल्या एका शोधनिबंधात माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट आहे. मोठ्या पिसाऱ्याच्या मोराशी जोडलेल्या लांडोरी जास्त अंडी घालतात. म्हणजे किती अंडी घालायची, आपल्या अंगातलं किती खर्ची टाकायचं, याचा हिशेब लांडोरीचं शरीर करतं. शंभरेक ग्रॅमचं एकेक अंडं, अशी पाच-सहा, आणि वर महिनाभराचा अर्धा उपास. पिसाऱ्याची कथा मला तिच्या बाजूनंच नीट कळते.

कधी कधी मात्र घरटं वाचवता येत नाही. रोटर फिरून गेलेला असतो, पाट फुटून पाणी शिरलेलं असतं, कुत्र्यांनी लांडोर मारलेली असते, किंवा कुणी अंडी उचलून दोन दिवस घरात ठेवून मग फोन केलेला असतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, मोर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्याची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं हलवणंसुद्धा येतं. शिक्षा तीन ते सात वर्षांची. हे मी सांगते, पण ज्यानं अंडी काळजीनं आणून दिली त्याला ते दरडावून सांगून मी पुढचा फोन बंद करून घेणार नाही. पंचनामा होतो, वरिष्ठांची परवानगी येते आणि अंडी उपचार केंद्रात जातात. नेताना अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करते, टोपलीत बाजरीचं सरमाड पसरते आणि गाडी खड्ड्यांतून सांभाळून चालवते. केंद्रात अंधाऱ्या खोलीत अंडं बॅटरीवर धरलं की आठवडाभर उबवलेल्या अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. जाळं दिसलं की अंडं जिवंत. मग साडेसदतीस अंशांच्या यंत्रात, नाहीतर खुडूक गावरान कोंबडीखाली.

कोंबडीवर माझा जास्त भरवसा आहे. यंत्राला वीज लागते आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. पण कोंबडी लहान, अंडं मोठं. दहा-बारा स्वतःची अंडी सहज झाकणारी कोंबडी लांडोरीची तीन, फार तर चार झाकते. तिला ती जड अंडी फिरवणं जमत नाही, तेव्हा ती दाणा खायला उठली की आपण हलकेच फिरवायची. तिचे दिवस एकवीस, इथं आठवडा जास्त. ती दिवस मोजत नाही, अंड्यांचा स्पर्श आहे तोवर बसते, पण तिचं वजन घटतं. म्हणून दाणा-पाणी तिच्या तोंडाशी ठेवावं लागतं.

पिल्लं निघाल्यावर खरी अडचण सुरू होते. कोंबडी जमीन उकरते, किडा दिसला की टोचून खाली टाकते आणि क्लक क्लक करून पिल्लांना बोलावते. लांडोर किडा चोचीत धरून पिल्लासमोर करते. मोराचं पिल्लू म्हणून जमिनीकडे न पाहता कोंबडीच्या चोचीकडे पाहत उभं राहतं आणि कोंबडीला काही कळत नाही. आम्ही चिमट्यानं वाळवी, मुंगळ्यांची अंडी, लहान नाकतोडे पिल्लांच्या तोंडासमोर धरत बसतो. त्यातून दुसरी भीती, पिल्लू माणसाला आई समजायला लागलं तर रानात परत सोडायला ते निकामी. तिसरी भीती ब्लॅकहेड नावाच्या आजाराची. कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंतांबरोबर तो पसरतो. कोंबडी स्वतः बहुतेक वेळा ठणठणीत दिसते आणि मोराचं पिल्लू मात्र पिवळं हगून मान टाकतं. म्हणून कोंबडीला आधी जंताचं औषध, आणि पिल्लं खुराड्याच्या जुन्या मातीपासून लांब.

आणि संध्याकाळ. मोराच्या पिल्लाला पंखाची पिसं जवळपास जन्मापासून असतात. काही दिवसांतच ते फडफडत उंच जायला बघतं. अंधार पडायला लागला की कोंबडी जमिनीवर डाल्याखाली बसून बोलावत राहते आणि पिल्लू वर, छपराच्या वाशाकडे बघत ओरडत राहतं. त्याला सांगितलेलं असतं की रात्री उंचावर जायचं, आणि इथं आई खाली आहे. रानात याच वेळी लांडोर आधी खालच्या फांदीवर उडते, थांबते, हाका मारते, पिल्लं धडपडत तिच्याजवळ पोचतात, मग ती आणखी वरच्या फांदीवर जाते. शेवटी बाभळीच्या किंवा कडुलिंबाच्या फांदीवर ती बसते आणि पिल्लं तिच्या पंखांखाली, दोन्ही बाजूंना. हे काम आमच्याकडे कोणालाच करता येत नाही. केंद्रात वाढवलेली पिल्लं जगतात, काही चांगली जगतात, पण त्यांना जगवायला चार माणसांचा जो राबता लागतो तो पाहिला की मला प्रत्येक वेळी वाटतं, बांधावरची चार हात जाळी सोडली असती तर हे सगळं एकटीनं झालं असतं.

ती जाळीच दरवर्षी कमी होते आहे, आणि माझ्या बीटातल्या मोरांचं भवितव्य त्या जाळीवर आहे, असं माझं ठाम मत आहे. मोर वाचवा म्हटलं की लोक पाणवठे बांधतात, उन्हाळ्यात धान्य टाकतात. उन्हाळ्यातल्या पाण्याचा उपयोग होतो, मी नाकारत नाही. पण लांडोरीला पावसाळ्याच्या ऐन दिवसांत अंड्यांचे दहा आणि उबेचे अठ्ठावीस असे जवळजवळ चाळीस दिवस जमिनीवरचा एक कोपरा हलता कामा नये. तेवढंच हवं असतं. तो कोपरा पूर्वी प्रत्येक बांधावर होता. पाच-सहा हात रुंद बांध, त्यावर घायपात, तरवड, बोर, हिवर. आता बांध कोरून कोरून हातभर राहिले आहेत. उरलेल्यावर तणनाशक मारतात, नाहीतर पेरणीआधी जेसीबी लावून एका दिवसात सगळं साफ. मोर दिसतात म्हणून मोर बरे चालले आहेत असं समजायचं कारण नाही. मोठा झालेला मोर बरीच वर्षं जगतो. नवीन पिल्लं किती वाढली हे श्रावण-भाद्रपदात लांडोरीमागे चालणारी रांग बघितल्याशिवाय कळत नाही. मी माझ्या डायरीत मोर लिहीत नाही, लांडोरीमागची पिल्लं लिहिते.

एका गोष्टीचा दिलासा आहे. सुरुवातीची अंडी गेली तर लांडोर बहुधा दुसऱ्या जागी पुन्हा घालते. म्हणजे ज्येष्ठात एक बांध साफ झाला तरी आषाढात दुसरा शिल्लक असेल तर तिचं वर्ष वाया जात नाही. म्हणून मी शेतकऱ्यांना बांध कधीच साफ करू नका असं म्हणत नाही. ते कोणी ऐकणार नाही, आणि त्यांची अडचणही मला दिसते. घाणेरीत रानडुक्कर दडतं, साप निघतो. मी म्हणते, करा, पण दिवाळीनंतर करा. आणि सगळे बांध एकाच वर्षी नको. ग्रामसभेत हे बोलते, दूध डेअरीवर सकाळी रांगेत उभ्या माणसांशी बोलते, जेसीबीवाल्यांशी तर आवर्जून बोलते, कारण कुठला बांध कधी निघणार हे सगळ्यांत आधी त्यांना माहीत असतं. त्यातल्या दोघांनी आता काम लागलं की मला आदल्या दिवशी फोन करायला सुरुवात केली आहे.

या आषाढातही त्यातल्याच एकाचा फोन आला. दोन चुलतभावांच्या सामाईक बांधावर त्याला बोलावलं होतं. बांध कोणी किती कोरला यावरून दोघांत बोलणं बंद. थोरल्याचं म्हणणं की जेसीबी आजच लागणार, धाकटा म्हणे हात लावून दाखवा. मी पोचले तर दोघं दोन टोकांना उभे आणि मधे घायपातात लांडोर पाच अंड्यांवर बसलेली. मी भांडणात पडले नाही, ते माझं काम नव्हे. दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन दुर्बिणीतून लांडोर दाखवली. थोरले दादा बराच वेळ दुर्बीण धरून होते. मग विचारलं, "किती दिवस म्हणता?" मी म्हटलं, अजून तीन आठवडे धरा, आणि पुढं पिल्लं हिंडती होईपर्यंत थोडे. धाकटा तिकडून ओरडला, "मग मोजणी तरी आणा सरकारी, उगीच जेसीबी कशाला?" थोरल्यांनी माझ्याकडे बघूनच त्याला उत्तर दिलं की मोजणीचा अर्ज आपण दिवाळीनंतर टाकू, दोघांच्या सहीनं. जेसीबीवाल्याला डिझेलचे पैसे दोघांनी अर्धे-अर्धे दिले आणि तो पुढच्या कामाला गेला.